आठ नंबरची उघाडी

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. बेलापूरच्या जुन्या घराचा विषय निघाला की मी शेजारपाजार, अळूची पानं, मुलीचा साखरपुडा असं बरंच काही सांगतो, आणि आठ नंबरच्या काकांपाशी आलो की चष्मा पुसायला लागतो. मुलीला वाटतं, बाबांना आता आठवत नाही. मला सगळं आठवतं. वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे आणि आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या अक्षरात एक ओळ अजून तशीच असणार. ती खोटी आहे. वही आता कुणाच्या माळ्यावर आहे ठाऊक नाही, म्हणून दुरुस्ती इथे करतो.

पण आधी माणूस सांगायला हवा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिथे राहायला गेलो. एका रांगेत आठ बैठी घरं, प्रत्येकाच्या मागे छोटंसं अंगण. मुंबईतल्या एका खोलीतून आलेली आम्ही माणसं. मागच्या दारी स्वतःची माती आहे याचंच केवढं अप्रूप. माझं घर सात नंबरचं, काकांचं आठ, म्हणजे रांगेतलं शेवटचं आणि सगळ्यात सखल. त्यांच्या कुंपणापलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे खाडी. काका मूळचे तिथलेच. तिथल्या खारजमिनीवर त्यांच्या घराण्याने भात काढलेलं, तरुणपणी त्यांनी स्वतः मिठागरात काम केलेलं. शहर आलं, जमीन गेली, आणि काका भराव टाकलेल्या त्याच जमिनीवर आमच्या रांगेत येऊन राहिले. आपल्या अंगणाखाली काय आहे हे माहीत असलेला आठ घरांतला तो एकटा माणूस होता.

आम्हाला ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं. मागच्या अंगणांत घोटा-घोटा पाणी साचलं आणि आठ-आठ दिवस हलेना. डास झाले, तुळशी कुजल्या, मोरीत बेडूक आले. मी स्थापत्य अभियंता. तळोज्याच्या कारखान्यांच्या शेड उभारायचं काम करायचो आणि सोसायटीचा सेक्रेटरीही होतो. त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, मुरूम टाका. सगळ्यांनी मुरूम टाकला. ज्याने जास्त टाकला त्याचं पाणी कमी टाकणाऱ्याकडे गेलं, एवढाच फरक पडला.

एका दुपारी धो धो पाऊस चालू असताना काका माझ्या अंगणात आले. विचारून येणं त्यांना माहीत नव्हतं. आखूड चड्डी, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात खाचा पाडलेली एक काठी. चपला कुंपणापाशी काढून ठेवलेल्या, जसं काही देवळात यायचं होतं.

"साहेब, तुमच्याकडं पानी कुटं बसतं?"

पाणी साचतं असं ते कधी म्हणाले नाहीत. पाणी बसतं, उठतं, अडतं, रुसतं. मी छत्री धरून दारात उभा होतो. म्हणालो, "पाऊस थांबू दे, मग बघू."

"पाऊस थांबल्यावर काय बगनार? तवा पानी झोपलेलं असतं. आता चालतंय, आता बगायचं."

मग त्यांनी चड्डीच्या खिशातून मूठभर भाताचं तूस काढलं आणि पाण्यावर सोडलं. तूस हळूहळू गोल फिरलं आणि आठ नंबरच्या कुंपणाकडे सरकलं. काका पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपत त्याच्या मागे गेले. मग वाकले, एक बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.

माझी बायको आतून ओरडलीच. "अहो काका! काय करताय हे!"

"खारं हाय," काका थुंकून म्हणाले. त्यांना आनंद झाला होता. "वयनी, हे पावसाचं न्हवं. खाडी आलीय तुमच्या घरी."

त्या पावसात ते आठही अंगणांतून फिरले आणि आठही ठिकाणचं पाणी चाखलं. एक नंबरमधले बँकवाले सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी खिडकीतून विचारलं, "काय काका, मीठ कमी आहे का?" काकांना टोमणा कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी सोडून दिला. "तुमच्याकडं गोडं हाय," ते म्हणाले. "तुमचा आजार वेगला."

संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून त्यांनी मला निदान सांगितलं. वरच्या घरांत पावसाचं पाणी होतं, त्याला जायला वाट नव्हती. खालच्या घरांत भरतीच्या वेळी नाल्यातून खाडीचं पाणी उलट येत होतं. दोन आजार, आणि मी एकाच औषधाच्या गाड्या आणून ओतल्या होत्या. मी पदवीधर माणूस, मला दोन पाण्यांचा संशयसुद्धा आला नव्हता. कारण मी ते चाखून पाहिलं नव्हतं.

काकांचं घड्याळ वेगळं होतं. "आज तिथी कंची?" हा त्यांचा नमस्कार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, असं ते मला शिकवायचे. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहाला. वार आणि तारीख त्यांच्या लेखी सरकारी कामापुरत्या. बँकवाल्यांच्या नातीचं बारसं संध्याकाळी सहाला होतं; काकांनी निरोप पाठवला, "सहाला भरती हाय, साडेसातला येतो." बारशाचा आणि भरतीचा काय संबंध, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. साडेसातला ते धुतलेला सदरा घालून आले, पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, "पोरगी ओहोटीला झाली का भरतीला?"

बाईमाणसांना ते आवडत. सहा नंबरच्या साताऱ्याकडच्या वहिनींना तर फारच. त्यांचे यजमान मार्केटात माथाडी, पहाटे जायचे ते संध्याकाळी यायचे. वहिनींच्या मागच्या दारी काका बसलेले असायचे आणि वहिनी भाकरी थापता थापता त्यांना सुनवायच्या. "काका, तुमी समद्यांच्या घरचं पानी पिताय, आमच्या घरचा च्या तेवढा नको म्हनताय व्हय?" काका म्हणायचे, "च्यात चव कलत नाय गो."

त्यांनी सांगितलेला उपाय साधा होता. आठही घरांच्या मागून एक सलग चर खणायची, उतार एक नंबरकडून आठ नंबरकडे. चरीत दगड आणि विटांचे तुकडे भरायचे, वर माती, म्हणजे अंगण वापरातही राहील. शेवटी नाल्याच्या तोंडाशी उघाडी बसवायची. खारजमिनीच्या बांधाला असते तशी झडप. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडते, भरतीला बाहेरच्या रेट्याने आपोआप मिटते. जवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून त्यांनी एका मोडक्या होडीची फळी आणली, ट्रकच्या ट्यूबचं रबर बिजागरीला लावलं, आणि ती टांगली.

मी एक शंका काढली. खरं सांगायचं तर चूक सापडल्याच्या आनंदातच काढली. "भर पावसात भरती आली, उघाडी मिटली, तर आठ घरांचं पाणी तेवढा वेळ राहणार कुठे?"

"माज्याकडं," काका म्हणाले.

आणि त्यांनी आपलं निम्मं अंगण खणून तिथे तळी केली. गुडघाभर खोल, काठाला दगड. भरतीच्या तीन-चार तासांत आठ घरांचं पाणी त्या तळीत येऊन थांबायचं आणि ओहोटी लागली की उघाडीतून निघून जायचं. त्यांची बायको चार महिने त्यांच्याशी धड बोलली नाही. तिला तिथे भाजी लावायची होती.

दोन पावसाळे आमची अंगणं कोरडी राहिली. आम्ही मोगरा लावला. वहिनींनी कढीपत्ता लावला. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्येला आणि पौर्णिमेला, भरतीच्या वेळी काका उघाडीपाशी जाऊन उभे राहायचे. करण्यासारखं काही नसायचं, फळी आपली आपण मिटायची. पण ते उभे राहायचे, काठी टेकून, पाणी फळीला लागेपर्यंत. मग "आली" म्हणायचे आणि घरी जायचे. लोक ते पाहायचे आणि लोकांच्या डोक्यात बसलं की उघाडी काका लावतात आणि काकाच काढतात. हा गैरसमज मला माहीत होता. तेव्हा तो निरुपद्रवी होता.

आता माझ्याकडे येतो.

लोक पाण्याबद्दल मला विचारेनासे झाले होते. काही अडलं की, "काकांना बोलवा." तळोज्याला माझ्या शब्दावर क्रेन हलायच्या आणि घरी माझी बायको मोरी तुंबली तरी आठ नंबरच्या दिशेने हाक मारायची. हे मला लागत होतं. कबूल करायला एवढी वर्षं लागली.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मुलीचा साखरपुडा घरीच करायचा ठरला. मागच्या अंगणात मांडव घालायचा, म्हणून मी शहाबादी फरशी बसवायला घेतली. खाली काँक्रीट. चर माझ्या अंगणातून आडवी जात होती. गवंड्याने विचारलं, "साहेब, इथं पाईप टाकू का?" दोन दिवसांवर पाहुणे आले होते, पाईप आणायला माणूस पाठवावा लागला असता. मी म्हणालो, "नको. खाली दगड आहेत, पाणी जाईल." काँक्रीटचा पातळ माल दगडांच्या फटीत उतरतो आणि तिथेच घट्ट होतो, हे ठाऊक नसायला मी काही शिंपी नव्हतो. ठाऊक होतं. पण तो चिखल चाचपणारा, तूस सोडणारा, पाणी चाखणारा माणूस आणि त्याची ती चर माझ्या फरशीखालून जाणार, याचा मला कंटाळा आला होता.

काका फरशी बघायला आले. काठीने ठोकली. "चर कुटं गेली, साहेब?"

"पाईप टाकलाय खालून."

"किती इंची?"

"सहा."

"बेस," ते म्हणाले, आणि निघून गेले. इंजिनियरच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला.

त्या वर्षी पाऊस रखडला होता; आषाढी अमावास्येला तो पहिल्यांदा सकाळपासून कोसळत होता. भरती दुपारी बाराच्या सुमाराला. अकरा वाजताच सहा नंबरच्या मागच्या दारातून पाणी आत शिरलं. वहिनींच्या स्वयंपाकघरात खाटेखाली वर्षाचं धान्य होतं, गावाहून आलेला गहू आणि ज्वारी, पोत्यांत. आम्ही धावलो तोवर खालची पोती भिजून फुगली होती. पाच नंबरमध्ये पाणी, चारमध्ये उंबऱ्यापर्यंत. माझं अंगण फरशीमुळे वीतभर उंच, तिथे नुसती ओल. आणि आठ नंबरमध्ये काकांची तळी जवळजवळ रिकामी, तळाशी वरून पडला तेवढाच पाऊस. काका उघाडीपाशी उभे, नेहमीसारखे, काठी टेकून, कपाळाला आठ्या घालून तळीकडे बघत. पाणी का येत नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

आणि नेमकं तेच सगळ्यांनी पाहिलं.

"आम्ही पाण्यात आणि हा कोरडा!" बँकवाले ओरडले. "उघाडी लावून बसलाय स्वतःचं घर वाचवायला!"

"मी नाय लावली," काका म्हणाले. "ती आपली आपन..."

"दर अमावास्येला तिथे उभे असता ते काय पूजा करायला?"

कुणीतरी मागून म्हणालं, "यांच्या जमिनी गेल्या ना, त्याचा राग आहे. आपल्यावर काढतायत." मी बघितलं नाही कोण ते. काकांनी बघितलं.

वहिनी घोटाभर पाण्यात उभ्या होत्या, पदरात भिजका गहू. त्या ओरडल्या नाहीत. "काका, तुमी असं करशिला असं वाटलं न्हवतं," एवढंच म्हणाल्या. काकांनी मान वळवून पुन्हा तळीकडे बघितलं.

अंगण ओळखणाऱ्या कुणालाही कळलं असतं. उघाडी बंद करून पाणी अडवलं असतं तर सगळ्यात आधी काकांचीच तळी भरली असती. तळी रिकामी, याचा अर्थ पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. सहा आणि आठच्या मध्ये अडलं होतं. मध्ये मी होतो. तिथे जमलेल्या माणसांत हे समजणारा दुसरा माणूस मीच.

बँकवाले माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही सांगा. तुम्ही इंजिनियर आहात."

मी म्हणालो, "उघाडी बंद असेल, तर पाणी जाणार कुठे?"

माझं वाक्य चुकीचं नव्हतं. त्यातला 'असेल तर' मी जपून घातला होता आणि तो कुणी ऐकणार नाही, हेही मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला. दुपारी काका माझ्या आणि वहिनींच्या कुंपणापाशी आले. पलीकडे पाणी अजून तसंच होतं. त्यांनी काठी खाली घातली, फरशीच्या कडेखालून आत खुपसली. दोन खाचा आत जाताच ती कशावर तरी टणक अडली. पुन्हा खुपसली. मग वाकून बोट बुडवलं, चाखलं, आणि मान वर केली. मी ओट्यावर उभा होतो.

"गोडं हाय, साहेब."

दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर काही कळलं नसतं. मला कळलं. पाणी खाडीचं नाही, पावसाचं आहे, अडलंय ते इथेच, पाईप नाही.

"हो का," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. चिखलाचा अंदाज घेताना बघायचे तसे. मग म्हणाले, "फरशी बेस बसलीय," आणि चपला हातात घेऊन गेले.

रविवारी सभा झाली. काकांनी सांगून टाकावं, म्हणजे एकदाचं होऊन जाईल, असं मला वाटत होतं आणि ते सांगतील अशी भीतीही वाटत होती. ते काही बोलले नाहीत. का नाही बोलले, याचा मी फार विचार केला आहे. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, म्हणून असेल. किंवा माझ्याविरुद्ध त्यांचा शब्द कुणी धरला नसता, हे त्यांना कळलं असेल. किंवा मी स्वतः सांगेन, म्हणून त्यांनी मला जागा ठेवली असेल. तिसरं कारण मला सगळ्यात जड जातं. मी वहीत लिहिलं: "आठ नंबरच्या रहिवाशांनी उघाडी बंद ठेवल्यामुळे नुकसान झाले. यापुढे त्यांनी चर व उघाडीस हात लावू नये." सगळ्यांनी सह्या केल्या. काकांनीही केली, अक्षर लावत लावत.

उघाडीची फळी त्याच दिवशी उपटून काढली. त्या साली पुन्हा तसा मोठा पाऊस झाला नाही, म्हणून माझं खोटं उघडं पडलं नाही.

पुढची पौर्णिमा आली. मी रजेवर घरी होतो. दुपारी भरतीच्या आधी मागच्या खिडकीतून पाहिलं तर काका नाल्याच्या तोंडाशी कंबरभर पाण्यात उतरलेले. जुन्या दोन फळ्या आडव्या लावून ते फटींत चिखल भरत होते, मिठागरात बांध फुटला की भरतात तसा, हाताच्या तळव्याने थापून थापून. भरती उतरल्यावर त्यांनी तो चिखल पुन्हा काढला. पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच. त्यानंतरच्या पौर्णिमेलाही. पावसाळा संपेपर्यंत एकही उधाण त्यांनी चुकवलं नाही. हात लावू नये असा ठराव होता. त्यांनी तो मोडला आणि ज्यांनी तो केला त्यांच्या अंगणात, कुंपणांच्या कडेकडेने वर चढणारी खाडी येऊ दिली नाही. वहिनींचा कढीपत्ता जगला तो त्यामुळे. वहिनींना हे कधीच कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी फरशी फोडली. माझ्या पैशाने, माझ्या हाताने पाईप टाकला, सहा इंची, आणि उघाडीही लोखंडी करून बसवली. लोकांना वाटलं, साहेबांनी चर सुधारली. सभेत मला नारळ दिला. मी घेतला. काका मागच्या रांगेत होते. सभा सुटल्यावर ते अंगणात आले, पाईपच्या तोंडात काठी घालून बघितली आणि म्हणाले, "उतार बराबर हाय." त्यांनी माझी एवढी एकच स्तुती केली.

दोन-तीन वर्षांनी ते घर विकून जासईला मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी तळी बुजवली नाही. नव्या मालकाला सांगून गेले, "ही तुमची नाय, आठ घरांची हाय."

मी एकदा जासईला गेलो. आधी घरी वाक्य पाठ केलं होतं. काका अंगणात खाटेवर होते, खंगलेले. घरामागे कंटेनरचे ढीग उभे राहिले होते. मला ओळखलं. "साहेब, आज तिथी कंची?" मी सांगितली. त्यांनी पाऊणपट केली, हिशोब चुकला नाही. लेकीने चहा दिला. मी कप धरून बसलो.

"आता पानी बसतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही बसत."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी चहा संपवला आणि उठलो. पुढच्या वर्षी ते गेले; मला महिन्याने कळलं. जासईला जाताना जे वाक्य पाठ करून नेलं होतं आणि येताना तसंच परत आणलं, ते असं होतं:

काका, पाणी गोडं होतं. तुम्ही म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. पाईप नव्हता. मला माफ करा.